तुझ्या गाडीचं डिफरन्शियल

प्रिय ताई,

तुझी पोरगी इथे मजेत आहे. दिवसभर गॅरेजमध्ये गाडीखाली असते, हाक मारल्याशिवाय जेवायला येत नाही. ड्रिफ्ट शिकायला तिला तुझीच जुनी गाडी हवी होती. मी दुसरी देत होतो, पण ऐकेल तर शपथ! हट्टीपणा तुझाच उचललाय.

तू पहिल्यांदा माझी गाडी चालवलीस तो दिवस आठवतो? अर्ध्या तासात तू ड्रिफ्ट करत, ती आडवी घसरवत मैदानाला अख्खी चक्कर मारलीस. मला त्याला वर्ष लागलं होतं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्यांनी कधी वाजवल्या नव्हत्या. वर मला म्हणाले, "हिलाही तुझ्यासारखीच गाडी तयार करून दे."

दिली की. पुढच्या कडक स्प्रिंगा, घट्ट धरणारी सीट, लांब दांड्याचा हँडब्रेक, पुढे चांगले टायर, मागे झिजलेले. सगळं माझ्यासारखंच. फक्त मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करायचे असतात, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि घसरलेली गाडी घसरत राहते. ते मी केलं नाही. तेल भरलं, झाकण लावलं आणि झालं म्हणून सांगितलं.

तीन महिने तू झगडलीस. एकच चाक जागेवर गरगरायचं, गाडी मध्येच सरळ व्हायची. वळताना माझ्या गाडीची चाकं कुरकुरतात, तुझी का नाही, असं तू एकदा विचारलंस. टायरचा फरक, म्हणालो. तू मान डोलावलीस. मित्रांसमोर मी तुझी नक्कल करायचो, तेव्हा तूही हसायचीस. शेवटी बाबाच म्हणाले, "सोड, गाडीवर तुझा हात नाही." तू हेल्मेट खुंटीला अडकवलंस आणि परत आली नाहीस. आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना रिव्हर्स घ्यायला शिकवतेस. बाबा गेले तेही तुझा हात नव्हता असं समजूनच. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी होतो. सांगता आलं असतं. त्यांनी माझा हात धरला होता, तो सुटला असता.

तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मंगळवारी मी सामान आणायला गेलो होतो. तेल बदलायचं म्हणून पोरीनं डिफरन्शियल उघडलं. परत आलो तेव्हा ती हात पुसत उभी होती. एवढंच म्हणाली, "मामा, आईला तू सांगतोस की मी सांगू?" रविवारपर्यंत मुदत दिलीय. आज गुरुवार. तिनं मुदत दिली नसती, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

तुझाच,
धाकटा