हळद गप्प बसते तेव्हा

सर, त्या दिवशी प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये तुम्ही ते वाक्य मला म्हणालात की सगळ्यांना? मला एवढंच विचारायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा एकदा विचारलं होतं, पण तुम्ही उत्तर दिलं नाही. परभणीतून फुटून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच साली तुम्ही गेलात, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी याच जिल्ह्यात बारावीला केमिस्ट्री शिकवते, आणि तुमच्यावरचा माझा संशय काही जात नाही. संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा राग मानू नका.

तुमचा विश्वास नेमका कशावर होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. दूधवाल्यावर नव्हता, कॉलेजच्या घड्याळावर नव्हता आणि छापील पुस्तकावर तर मुळीच नव्हता. चहा आला की आधी वास घ्यायचा, मग एक घोट, मग हॉटेलवाल्याकडे एक नजर. आम्लधर्मी क्षारांचा धडा होता तो दिवस मला अजून दिसतो. पुस्तक इंग्रजी, तुम्ही शिकवणार मराठीतून. टेबलावर दोन बशा आहेत आणि दोन्हींत पांढरी भुकटी. तुम्ही मला उठवता आणि विचारता, क्षाराचा स्वभाव कसा असतो? मी दहावीत पाठ केलेलं सांगते की आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी होतं, म्हणजे दोघांचं भांडण मिटलं. वर्ग हसतो, तुम्ही हसत नाही. "मिटलं हे तुला कुणी सांगितलं? तू मधी होती का?" असं म्हणून तुम्ही दोन्ही भुकट्या वेगवेगळ्या पाण्यात विरघळवता आणि आम्लात लाल होणारा निळा लिटमस कागद बुडवता. एकात तो निळाच राहतो, ते आपलं खायचं मीठ. दुसऱ्यात लाल होतो, तो नवसागर. दिसायला सख्खी भावंडं. "बैलजोडी बराबर असली तर गाडी सरळ चालती. एक दमदार अन् दुसरा मरतुकडा असला तर चालंल का?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "न्हाई सर." "मग क्षार काहून सरळ चालंल? नवसागराचं आम्ल तगडं, अन् अमोनिया बिचारा कमजोर. पाण्यात पडले की तगडा आपला गुण दाखवतो." मग तुम्ही आणखी एक जात सांगितलीत, सोडियम बायसल्फेटची. त्यात आम्लाचा एक हायड्रोजन तसाच शिल्लक राहिलेला असतो, म्हणजे तोडगा अर्धाच झालेला. पण असाच हायड्रोजन खायच्या सोड्यातही असतो, आणि तो मात्र उलटा आम्लारीसारखा वागतो. "म्हणून नावावर जाऊ नका, तोंडावर जाऊ नका. तपासा," असं म्हणून तुम्ही मला खाली बसवलंत. तो अपमान मला बरेच दिवस पुरला.

आमच्या घरी हळद होती, हे तुम्हाला ठाऊक होतंच. हट्टा गावाच्या बाजूला कुणाकडे नसते? माघ-फाल्गुनात हळद शिजवायची, वाळवायची, हळकुंडं आणि गड्डे निवडायचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत बारावीची प्रॅक्टिकल यायची. हात कोपरापर्यंत पिवळे. साबण लावला की ते लालभडक व्हायचे, आणि पाण्याने धुतले की पुन्हा पिवळे. त्यावरून मला एक युक्ती सुचली आणि मी ती कुणाला सांगितली नाही. लिटमस शोधत बसायचंच कशाला? बोट बुडवायचं. लाल झालं तर आम्लारी, पिवळं राहिलं तर नाही. मला वाटलं, साऱ्या जगात हे मला एकटीलाच सुचलंय.

बाबा बोलून गेले होते, "बारावी एका झटक्यात निघाली तर परभणीला शिकायला धाडतो. न्हाई तर पाहुणे बघून गेलेलेच हायेत." ते पाहुणे मी पाहिले होते. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी ओळखायला मिळालेल्या माझ्या पुडीत कोणता क्षार निघतो, यावर माझं सगळं टांगलेलं होतं. पुडी उघडली, पांढरी भुकटी निघाली. विरघळवली, बोट बुडवलं. बोट पिवळंच राहिलं. मला हायसं वाटलं. मीठ किंवा मिठासारखंच काहीतरी असणार, असं धरून मी उत्तरपत्रिकेत 'उदासीन' लिहिलं आणि पुढे सोडियम शोधायच्या तयारीला लागले. बाहेरून आलेले परीक्षक दाराशी पोहे खात होते. तुम्ही रांगांमधून फिरत माझ्या मागे आलात. पावलं थांबली. मग तुम्ही भिंतीकडे बघत सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडलात, "हाताला काय विचारून राहिले? लिटमस काहून ठिवलंय म्होरं?"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी निळा कागद उचलला, बुडवला, तो लाल झाला. हळदीला आम्लाचं काही कळतच नाही, सर. आम्लातही ती पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच. ती गप्प बसली म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले होते. मी लिहिलेलं खोडलं, नवसागर ओळखला, पास झाले आणि परभणीला गेले.

पण त्या दिवसापासून एकच प्रश्न टोचत राहिला. हे मी मिळवलं, की तुम्ही दिलंत? पेढे घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा धीर करून विचारलं, "सर, ते लिटमसचं तुमी मलाच म्हणले का?" तुम्ही पेढा नाकाशी नेलात, वास घेतलात, अर्धा खाल्लात आणि म्हणालात, "खवा कुठला हाय?" झालं. पुढे कुणी माझी हुशारी वाखाणली की मला तुमची ती थांबलेली पावलं ऐकू यायची. बीएस्सीला पहिली आले तेव्हासुद्धा आली.

मी नोकरीला लागले तेव्हा तुमचा एक जुना विद्यार्थी माझ्यासोबत शिकवायला होता, माझ्याआधी शिकून गेलेला. एकदा सहज विषय निघाला तर तो हसायलाच लागला. "हाताला काय विचारून राहिले? हे तर आमच्या वर्षीबी म्हणले होते की!" माझा विश्वास बसला नाही. मग वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघताना माझ्यानंतरच्या तुकडीतली एक जण भेटली, तिला विचारलं. तिच्याही वेळी तुम्ही तेच म्हणाला होतात. हळदीच्या गावांतली पोरं, सगळ्यांचेच हात पिवळे, सगळ्यांनाच ती युक्ती सुचलेली. म्हणजे तुम्ही मला काही दिलं नव्हतं. मी सुटले होते. आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. का ते तेव्हा कळलं नाही.

या फेब्रुवारीत मी हॉलमध्ये फिरत होते. नरसीकडून येणारी एक मुलगी आहे. वर्गात फारसं बोलत नाही, पण तिची वही मी आवर्जून बघते. तिने पिवळं बोट क्षाराच्या पाण्यात बुडवलं, निरखलं, आणि 'उदासीन' लिहिलं. माझी पावलं आपोआप थांबली. मी खिडकीकडे बघितलं आणि तुमचं वाक्य सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिचा हात लिटमसकडे गेला.

तेव्हा लक्षात आलं, सर, की ते वाक्य तुम्ही दरवर्षी म्हणत होतात याने काहीच सिद्ध होत नाही. दरवर्षी कुणीतरी एक असेलच. सगळ्यांना ऐकवूनही ते एकासाठीच म्हणता येतं. मी तसंच म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. खालच्या खणात लिटमसच्या डबीखाली राहील. पण एक कबूल करते. इतकी वर्षं मी म्हणत आले की तुम्ही ते मला म्हणाला नसलात तर बरं. ते खोटं होतं. तुम्ही ते मलाच म्हणाला असाल, असंच मला हवं आहे. आणि निकाल लागल्यावर ती मुलगी पेढे घेऊन येईल, तिच्या डोळ्यांत तोच संशय मी त्या दिवशी हॉलमध्येच बघितलाय. ती विचारेल, आणि मीही बहुतेक खव्याचीच चौकशी करीन.