आत्याचं अर्धं गाणं

५ जानेवारी, उरण
नव्या अल्बमची फाइल आली. ऐकली आणि डोकंच फिरलं. आत्याचा धवला पुरा केलाय! पंचवीस वर्षं आमचा बँड तो अर्धाच वाजवतो. हळदीपर्यंत आत्याचा टेपवरचा आवाज, मग माझे ड्रम्स, इक्बालची गिटार, बस्स. आत्या धवलारीण, लग्नाच्या विधींना धवले गाणारी. टेप केलं तेव्हाच बजावलं होतं तिनं, पोरीला वाटे लावायचं, पाठवणीचं गाणं मांडवाबाहेर नको. आणि या शहाण्या इक्बालनं माझ्याच मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओतून, तिथं आत्या गायली होती, ते उचलून जोडलं. व्हिडिओ मीच दिला होता, कौतुकानं.

६ जाने.
इ.ला फोन. बोर्ली पंचतनला, घरी आहे. म्हणे, "अरे भाई, किती वर्षं अर्धंच वाजवायचं? लोक विचारतात, पुढं काय?" लोक! वर, "तू तुझे कंटेनरचे ट्रेलर बघ, म्युझिक मी बघतो." हे मला? हा चार वर्षं कुवेतला होता तेव्हा बँड कोणी जगवला? हळदी-हळदीत नको ती गाणी वाजवली मी, दातओठ खात.

९ जाने.
आमचा बास गिटारवाला म्हणतो, "गाणं भारी झालंय पण." घरचा भेदी. कळवून टाकलं, १३च्या अल्बमच्या कार्यक्रमातून ते काढा, नाहीतर ड्रमवर दुसरा बसवा.
खरं तर शेवटाला मलाही रडू आलं. त्याचाच जास्त राग.

११ जाने.
आत्याकडे गेलो, माफी मागायला. मोबाइलवर ऐकवलं. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं. मी इ.ला शिव्या घालायला लागलो तर म्हणाली, "त्याला कनाला बोलतंस? तवा माजी रंजी नवी नवी सासरी गेलती. मना गाताच येत नव्हता, म्हनून नको बोल्ले."
मग सुपारी कातरत तीच,
"पंचीस वर्सा माजा आवाज टेपवरना वाजवतंस. मी हिकरं जित्ती हाय ना? येकदा तरी स्टेजवर बोलवलंस?"
चहा घेऊन निघालो. म्हटलं, परवा ये, स्टेजवर.

१२ जाने.
सकाळपासून इ.ला सात फोन. उचलत नाही. शेवटी बासवाल्याला लावला. चाचरत म्हणाला, नवा ड्रमर आलाय, कालच तालीम झाली.
पंचवीस वर्षं! आणि रागाच्या भरात टाकलेला एक शब्द यांनी लगेच उचलला.
आत्याचा निरोप आलाय. नवं लुगडं काढून ठेवलंय, उद्या गाडी किती वाजता पाठवतोस?