केरीची हवा

२९ ऑक्टो., बुध. पणजी
दाखल झालो. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी छातीवर पेनाने रेघा मारून ठेवल्यात, शर्ट वर करून पुन्हा पुन्हा बघतोय. पुसल्या गेल्या तर?
दादा सोबत आलाय. त्याचंच कोडं आहे. मी घरात सिद्धेश म्हणून राहायला लागल्यापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. खाणीवर मी काट्यावर असतो, ट्रक तोलतो. त्याचा ट्रक आला की खिडकीतून पावती घेतो, मान वर करत नाही. आणि गेल्या आठवड्यात जेवताना एकदम, "मी येतां हॉस्पिटलात." आई ताटातच बघत राहिली. पाऊस संपून ट्रक आत्ता कुठे सुरू झालेत. अशा दिवसांत कुठला ड्रायव्हर रजा घेतो?
काहीतरी आहे.

३० ऑक्टो.
झालं. तोंड कोरडं. छातीवर सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं. दादा खुर्चीत. उद्या लिहीन

३१, शुक्र.
दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला प्लास्टिकचे चेंडू, त्यात लाल पाणी. सिस्टर रिकामे करून जाते. "नॉर्मल हां," म्हणते. मी न विचारताच का म्हणते?
हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. उचलायचं काही नाही. कुशीवर झोपायचं नाही. घट्ट जाकीट रात्रंदिवस.
शेजारच्या पेशंटच्या नवऱ्याने दादाला विचारलं, हे तुमचे कोण? मी डोळे मिटून ऐकत होतो. दादा म्हणाला, "घरचें मनीस." हुशार आहे. भाऊ नाही, बहीणही नाही.
मग मोसंबी सोलून दिली, पांढऱ्या शिरासुद्धा काढून. हा माझा दादा नव्हेच.

१ नोव्हें., शनि. केरी
सुटी मिळाली. मित्राची गाडी आणली होती दादाने. म्हापशाला घरचा, डिचोलीचा रस्ता सोडला आणि गाडी पेडण्याकडे वळवली.
"खंय चललो?"
"केरीक. खोली घेतल्या. दर्याची हवा बरी."
पंधरा वर्षं खाणीची तांबडी धूळ खाल्लेला माणूस मला हवेचं सांगतो! घरी का नको? "शेजारी येतले, विचारतले. तुका त्रास." आईला विचारलंस? "आवय हय म्हणाली."
सगळं ठरवून झालं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं होतं.
खोली घरमालकीण शेवंतीकाकींच्या घरामागे. खाट, मेज, एक जनेल. जनेलातून समुद्र दिसत नाही, काकींचा गोठा दिसतो.

३, सोम.
दादा रात्री इथे, पहाटे स्कूटरवरून खाणीवर. जाण्याआधी पोदेराकडून गरम पाव घेऊन ठेवतो, नळ्या रिकाम्या करतो. तोंड वाकडं करत नाही. बोलतही नाही.
एक लक्षात आलंय. तो माझ्याशी फक्त हुकुमात बोलतो. जेव. नीज. गोळी घे. आई अजून "जेवलें?" विचारते, लहान मुलीला विचारतात तसं. दादाने "जेवलें" म्हटलं तर मी दुखावणार, "जेवलो" म्हटलं तर त्याची जीभ झडणार. म्हणून नुसतं "जेव".
संध्याकाळी माडाखाली उभा राहून फोन करतो. मी दारात आलो की बंद करतो.

४, मंगळ.
काकी आज बराच वेळ दारात. "कसलें ऑपरेशन म्हणालास तू?"
"गाठ होती."
"दोनूय बाजूंक?"
"दोनूय."
"बरें जालें काडली ती," म्हणाल्या आणि कण्यांची पेज ठेवून गेल्या. चेहऱ्यावर काही नाही. इतकं काही नसणंही बरं नव्हे.

६, गुरु.
पणजी. नळ्या काढल्या, पट्ट्या उघडल्या. डॉक्टरांनी आरसा पुढे केला. मी आधी भिंतीकडे बघितलं.
मग बघितलं.
सपाट. खाली दोन लांब रेघा, सूज, निळं-पिवळं. आणि तरी मी. शाळेत असताना छातीला टॉवेल घट्ट गुंडाळून आरशासमोर उभा राहायचो आणि जे दिसेल असं वाटायचं, जवळजवळ तेच. रडू येईल वाटलं होतं, नाही आलं. स्वतःच्याच वस्तूकडे चोरासारखा बघत होतो. कुणी परत मागेल की काय.
निपल काळे पडलेत. मेले, म्हटलं. डॉक्टर हसले. वरची खपली आहे, गळून पडेल. डॉक्टर हसले की मला जास्त भीती वाटते.
दादा बाहेर बाकावर. गाडीत बसल्यावर समोर बघत विचारलं, "बरें दिसता?"
"दिसता."
थेट पत्रादेवीच्या फाट्यापर्यंत गाडी नेली. मग रस्ता चुकलाय हे कळलं आणि गाडी परत फिरवली. या माणसाला पेडण्यातला खड्डा न् खड्डा ठाऊक आहे.

८, शनि.
कळलं.
मावशीचा फोन, तब्येत विचारायला. बोलता बोलता, "उद्या तू नाय मगो? मांद्र्याचे पावणे येतात घर बघूक, आणि तूच नाय." मग, "तुका सांगूक नाय?"
दादाचं लग्न जुळतंय. मुलगी मांद्र्याची. तुळशीचं लग्न झालं, आता माणसांची. उद्या मुलीकडची माणसं आमच्या घरी चहाला येणार आणि मी केरीत हवा खाणार.
मोसंबी, पाव, नळ्या. सगळ्याचा हिशेब लागला. आईही त्यात आहे.
संध्याकाळी दादा आला. मी काही बोललो नाही. त्याने आपणहून सांगितलं, "उद्या ड्युटी आसा. आयतार असलो तरी."
"बरें," म्हटलं.

९, रवि.
गेला. पिशवीत इस्त्रीचा शर्ट, वर वर्तमानपत्र घातलेलं.
दिवसभर खाटेवर बसून मनात घर बघत होतो. आईने चांगल्या बश्या काढल्या असतील. ओसरीवरच्या भिंतीवर माझा शाळेतला फोटो आहे, दोन वेण्यांचा. तो काढला असेल की ठेवला असेल? कुठलं जास्त वाईट, ठरवता येत नाही.
दुपारनंतर डावी बाजू फुगल्यासारखी. आधी वाटलं राग आहे. मग हात लावला, आत पाणी हलतंय. फोन करायचा नाही असं ठरवलं. काकी ताट न्यायला आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "भावाक फोन कर. माका नाका सांगूं, भावाक सांग." भावाक! कुणी सांगितलं यांना तो माझा भाऊ म्हणून? म्हणजे, आहेच. पण
केला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे माणसांचे आवाज, कपबश्या.
आला, त्याच शर्टात. पाहुणे गेले का विचारलं. "गेले," म्हणाला. खाटेवरून उतरायला मदत करताना त्याच्या बाहीवर चहा सांडलेला दिसला, ओला.

१०, सोम.
डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. पिवळसर. असं होतं म्हणे कधी कधी, पुन्हा भरलं तर पुन्हा काढू. जाकीट आणखी घट्ट.
परतताना गाडीत विचारलंच.
"माका कित्याक सांगूक नाय?"
त्याने गियर बदलला. मग, "सांगलें आसतें तर तूं घरा आयलो आसतो."
आयलो! पहिल्यांदा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, तोंडावर काही दिसू नये म्हणून.
"आयलो आसतो तर कितें जालें आसतें?"
"ती जुनीं, जाण्टीं माणसां. एकदम नाका." मग स्वतःच, "विचारलें तांणीं. धाकटी खंय? म्हटलें, बाहेरगावी कामाक."
एका श्वासात आयलो आणि धाकटी. पहिला शब्द मला गप्प करायला होता का? आजारी माणसाला गूळ देतात तसा?

१४, शुक्र.
खपल्या सुटताहेत, खाली गुलाबी. डॉक्टर खरं बोलले होते. छातीला स्पर्श कळत नाही अजून, दुसऱ्याचीच वाटते.
दादा नेहमीसारखा. मी नेहमीसारखा. एकमेकांना मीठ देतो.

१६, रवि.
आज जे झालं ते नीट लिहितो.
दादा आईकडे गेला होता. सकाळी एक स्कूटर आली. मुलगी, माझ्याच वयाची, हेल्मेट हातात. थेट खोलीच्या दारात.
"हांगा कोण रावता?"
"मी."
"आनी?"
"आनी कोण नाय."
तिने वाकून आत बघितलं. खाट, दोरीवर दादाचा शर्ट, मेजावर औषधं. मग म्हणाली, "मी दीक्षा. मांद्र्याची."
बस म्हटलं. बसली नाही.
"माझो मामेभाव हांगा दर्यार रांपणीचें जाळें ओडूंक येता. ताणें सांगलें, तुजो होवपी घोव रोज सांजेर केरीत येता, हातांत डबो. रातीं रावता. आमकां तर सांगलें, घरांत आवय आनी तो, दोगांच. म्हणून पळोवंक आयलें, कोणाक दवरल्या हांगा."
दादाने इथे बाई ठेवलीय असं वाटलं होतं तिला! मला हसू आलं. हसलो की टाके ओढतात, छाती धरून हसलो. ती घाबरली.
"मी ताचो भाव."
"ताका भाव नाय. भयण आसा, बाहेरगावी."
"तीच."
ती बघत राहिली. केस, दाढीची कोवळी लव, शर्टाखाली जाकिटाची कड. मग खाली बसली, उंबऱ्यावरच. काकींनी चहा आणला, दोघांना. विचारलं काही नाही.
दीक्षाने विचारलं, दुखतं का. नाव काय. ऑपरेशनचं कधीपासून ठरवलं होतं. मी आखडून उत्तरं दिली. घरी जाऊन काय सांगेल, तेवढंच डोक्यात. जाताना हेल्मेट घालत म्हणाली, "म्हणजे फट उलयलो तो. तें वायट." आणि गेली.
वाईट काय? खोटं बोलला ते, की मी?

१७, सोम.
दादाला सांगणार नव्हतो. काकींनी सांगितलं, अंगणातच.
आत आला. "तूंवें कितें सांगलें तिका?"
"तुजो भाव म्हणून सांगलें."
भिंतीला टेकून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, खाणीच्या चढावर ट्रक मागे घेणारा, त्याला हात कुठे ठेवायचे कळेना. मग माझं ताट उचललं, बाहेर जाऊन घासलं. घासलेलंच पुन्हा घासत होता, आवाज येत होता.
परत आला. "बरें केलें."
सुटका झाली म्हणून, की माझं वाटोळं केलंस म्हणून? त्याच्या आवाजावरून कधीच काही कळत नाही.

२३, रवि. डिचोली
घरी आलो. शाळेतला फोटो भिंतीवरच आहे. पण भोवतीची धूळ पुसलेली, म्हणजे काढून परत लावला.
आईने शर्टावरून हात फिरवला, कापड निवडतात तसा. "दुखता?" नाही म्हटलं. "म्हाका दुखता," म्हणाली आणि चुलीकडे गेली.
मांद्र्याहून फोन नाही. दादा फोन उपडा ठेवून जेवतो. मोडलं असणार. माझ्यामुळे मोडलं असं कुणी म्हणत नाही. आई मला जास्तीचा मासा वाढते, ती म्हणायचीच एक रीत असेल.

२९, शनि.
काट्यावर परत रुजू. बसून काम, उचलायचं काही नाही. दादाचा ट्रक आला. पावती घेताना मान वर केली. "बरो मरे?" मागचे ट्रक हॉर्न देत होते. मी "हय" म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

७ डिसें., रवि.
मांद्र्याहून फोन आला. साखरपुडा पुढच्या रविवारी, मांद्र्याला, त्यांच्या घरी.
थोड्या वेळाने मला दीक्षाचा मेसेज. नंबर कुठून मिळवला? "तुमी येवंक जाय. बाबाक अजून तुमचें सांगूंक ना."
दादा ओसरीवर बूट पुसत होता. म्हणाला, "येतलो मरे तूं?"
"तिणें अट घातल्या म्हणून विचारतंस?"
"अट घातल्या."
"आनी नसती घातली तर?"
बूट पुसत राहिला. निदान या वेळी खोटं बोलला नाही.

१४, रवि. वाटेत, जीपमध्ये
फोनवर लिहितोय. पेडण्याच्या बाजारात थांबलोय, दादा हार आणायला उतरलाय. पुढे आई, मागे मी, मावशी आणि नारळांची पिशवी. नवा शर्ट, जुन्या मापाचे सगळे पुढून ढगळ होतात. जाकीट डॉक्टरांनी परवा काढायला सांगितलं. वरचं बटण उघडं ठेवलंय, आयुष्यात पहिल्यांदा.
मघाशी आई मागे न वळता म्हणाली, "थंय कोणी विचारलें, तर मी उलयतलें. तू उगी राव."
"कितें उलयतलें तू?"
"तें मी पळयतां."
मावशी नारळ मोजायला लागली.
मग आई वळली. गळ्याकडे बघितलं. "बटण घाल."
"गरम जाता."
ती तशीच बघत राहिली. मग हात पुढे केला. मला वाटलं बटण लावणार. तिने कॉलर सरळ केली, एका बाजूची, आणि पुन्हा समोर तोंड करून बसली.
दादा हार घेऊन येतोय.