कोकराची कातडी आणि रस्त्यावरचा ताणा

आये, आज बार्शीच्या बाजारात एक धनगरीण पोत्यावर कोकराची कातडी मांडून बसली होती. मी काही घ्यायला गेले नव्हते, पण हात आपोआप पुढे गेला. एक कातडं उलटं केलं, पोटाकडची लोकर चिमटीत धरून जरा ओढली. केस सुटले नाहीत. ती बाई माझ्या इस्त्रीच्या पातळाकडे आणि चष्म्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमाला कसं ठावं हितं बगायचं आसतं?" मी म्हटलं, माझ्या आईनं शिकवलं. इतकंच बोलले आणि घरी आले. मी शिकवते त्या शिवणाच्या वर्गातल्या मुली आज सुट्टीवर आहेत, म्हणून तुला लिहायला बसले.

आप्पा गिरणीत लागले तेव्हा त्यांनी घरच्या कातड्याच्या कामाचं नावच टाकलं होतं, हे मला तूच सांगितलंस. आजोबांच्या कातडी कमावायच्या हौदाजवळून जाताना ते नाकाला धोतराचा सोगा लावायचे. गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि पांढरे कपडे घालून जायचं, याचा त्यांना फार अभिमान होता. मग त्यांच्या छातीत कापूस बसला. दोन पावलं चाललं की ते भिंतीला हात टेकून उभे राहायचे. डॉक्टरांनी गिरणीचं काम बंद करायला सांगितलं, त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत दारात बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू डोक्यावर पाटी घेऊन परत आलीस, तेव्हा पाटीत ओल्या कातड्यांचा ढीग होता. आजोबांना ओळखणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून तू ती आणली होतीस. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कोकरांची लोकरीसकट साफ केलेली कातडी ते मुंबईला पाठवत. माल त्यांचा आणि मेहनत आपली, असं ठरलं होतं.

आप्पा म्हणाले, "माज्या दारात ही घाण नगं."

"घाण धुतली की जाती," तू म्हणालीस. "पोटाचं काय करायचं त्ये सांगा."

मला ते अंगण अजून डोळ्यांपुढे दिसतं. लिंबाखाली तिरपा टेकवलेला ओंडका, त्यावर पसरलेलं कातडं, लोकर खाली आणि मांसाची बाजू वर. तू दोन्ही हातांत ते वाकडं, बोथट पातं धरून वरून खाली रेटतेस आणि चरबीची साय गुंडाळी होऊन पुढे येते. मग रिठ्याच्या फेसात लोकर चोळून धुवायची, निथळायची, आतल्या बाजूला मीठ आणि कुटलेली तुरटी चोळायची आणि सावलीत खुंट्या ठोकून ताणायची. मी कुसळं काढायला बसायचे. घाई केली की लोकर उपटायची आणि तू माझा हात धरून थांबवायचीस. "केस इंचरतीस की न्हाय सोताचं? तसं इंचर. मेलं म्हनून काय झालं, त्याचं आंग हाय त्ये." एवढीच तुझी रागावण्याची रीत.

समोरच्या ओळीत विणकरांची घरं होती. आपल्या बरोबर समोर अक्का राहायची. तेलुगू बाई, नवरा वारलेला, दोन माग आणि सासू तिच्या जिवावर. रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात तिचा ताणा पसरलेला असायचा, मागावर चढवायचं लांबच लांब सूत, त्याला खळ लावून ती कुंच्यानं सारखं करत जायची. आपल्या कातड्याचा वास सुताला लागतो म्हणून ती भांडायला आली होती. "आमचा लुगडा कोन घेनार?" असं म्हणाली, आणि तू पाण्याचा तांब्या पुढे केलास तो न घेताच गेली. त्यानंतर तू खुंट्या उपटून घराच्या मागच्या बाजूला नेल्यास. तिथे ऊन येत होतं म्हणून पुन्हा पुढे आणाव्या लागल्या. अक्काचा ताणा आणि आपली कातडी, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता. तुम्ही दोघी एकमेकींकडे न बघता दिवसभर समोरासमोर काम करायचात.

शिमगा जवळ आला होता. तेव्हा चाचांचा सगळ्यात मोठा माल आपल्याकडे होता. चाचा देताना म्हणाले होते, "बेटी, ये माल बिगड्या तो मैं बी कुच नै कर सकता. मेरे ऊपर बी लोगां हैं." तू मान हलवलीस. त्या रात्री आप्पांना म्हणालीस, हा माल नीट गेला की पोरीची शाळा सोडायला लागायची न्हाय. मी पांघरुणात जागी होते. शाळा सुटणार होती हेच मला तेव्हा कळलं.

कातडी खुंट्यांवर ताणून झाली त्या दुपारी वारा फिरला. त्या दिवसांत पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण आलाच, जाड थेंबांचा आणि आडवा. मी धावत पहिली खुंटी उपटली आणि मागे वळून बघते तर तू तिथे नव्हतीस. तू रस्ता ओलांडून गेली होतीस. अक्का एकटीच ताण्याचं एक टोक धरून गुंडाळत होती आणि दुसरं टोक वाऱ्यानं मातीत लोळायला लागलं होतं. तू त्या टोकाशी जाऊन थांबलीस. दोन्ही हात पुढे करून, पण सुताला न लावता.

"हात लावू का, अक्का?"

तिनं तुझ्याकडे पाहिलं. पदर डोक्यावरून घसरला होता, तोंडावरून पाणी वाहत होतं. "पट्टु," ती ओरडली. मग तुला कळलं नाही असं वाटून म्हणाली, "धर, धर की."

तुम्ही दोघींनी तो ताणा गुंडाळत, पावलं जुळवत तिच्या मागाच्या खोलीत नेला. तू प्रथमच तिच्या उंबऱ्याच्या आत गेलीस. मी एकटी कातडी उचलत होते आणि माझ्या हातून ती निसटत होती. तेवढ्यात कोणीतरी माझ्या बाजूची खुंटी उपटली. ते आप्पा होते. धापा टाकत, गुडघ्यावर बसून, ओलं कातडं पांढऱ्या सदऱ्याशी धरून.

तरी बरीच भिजली. मीठ-तुरटी धुऊन गेली होती. पुन्हा मीठ लावलं नाही तर सकाळपर्यंत केस सुटले असते, आणि घरातलं मीठ संपलेलं. मिठाचं रिकामं मडकं पुढ्यात पालथं घालून तू ओटीवर ढिगाकडे बघत बसली होतीस, ते समोरून दिसत होतं. इतक्यात अक्का आली, हातात तिच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी घेऊन. मागोमाग विणकरांच्या दोन-तीन बायका आल्या, कोणाच्या वाटीत, कोणाच्या पदरात मीठ. एकीनं दुरून ठेवलं, एकीनं हातात दिलं. अक्का म्हणाली, "आमच्या खोलीत लावा. छप्पर हाय." तिची सासू आतून तेलुगूत काहीतरी बडबडत होती. अक्कानं तिला एका शब्दात गप्प केलं. तो शब्द कोणता, ते मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी मागावरच्या दोरीवर, लुगड्यांच्या शेजारी, आपली कातडी लटकली. तिनं ऊब यावी म्हणून खळीची चूल पेटवायला घेतली, तर तू हात जोडलेस, "नगं अक्का, इस्तवानं आखडत्यात. नुसता वारा बास." मग तिनं दारं उघडी टाकली आणि रात्रभर सासूची बोलणी खाल्ली.

काही कातडी गेलीच. पण बहुतेक वाचली. चाचांनी एकेक उलटून पाहिलं, पोटाकडची लोकर ओढून पाहिली आणि खराब झालेली बाजूला काढून म्हणाले, "ये तू रख ले. अगले हफ्ते आ, और देतूं." तू त्या टाकाऊ कातड्यांतला चांगला भाग कापून आप्पांना बंडी शिवलीस, लोकर आत. त्यांची छाती पुरती बरी झाली नाही, पण पुढच्या हिवाळ्यात ते कमी खोकले. कुसळं काढायचं माझं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि मला शाळेत पाठवलं. उरलेला एक चौकोन तू अक्काला दिलास. तिनं तो मागाच्या खड्ड्याच्या काठावर, ती बसते तिथे घातला आणि सगळ्या गल्लीसमोर त्यावर बसली. तू दिलेला पाण्याचा तांब्या हातात घ्यायला मात्र तिनं आणखी एक वर्ष लावलं. तू वाट पाहिलीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "लावू दे की. आपुन कुटं चाललोय."

मी त्या संध्याकाळीच तुला विचारलं होतं की आपली कातडी सोडून तू तिकडे का पळालीस. माझ्या आवाजात राग होता. शाळा जाईल याची भीती होती. तू हात धूत होतीस. म्हणालीस, "त्ये जवळ हुतं म्हनून."

जवळ नव्हतं, आये. कातडी तुझ्या पायाशी होती.

तू आता नाहीस, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. लोक मला म्हणतात की मी अगदी तुझ्यावर गेले आहे, आणि मी ते ऐकून घेते. पण तुझ्या जागी मी असते तर आधी आपलीच कातडी उचलली असती. मग पळाले असते, हे नक्की.