दाजी, तेल बदललं आहे

सांता क्रूस दे तुरियाल्बा,
९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ओविदिओ दाजींना धाकट्या मेहुणीचा, म्हणजे एदेल्मिराचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताई मागे फोनवर म्हणाली की तुम्ही त्याला बोटीचं ग्रीस चोळता. ती थट्टा करत असावी असं मी धरून चालले आहे, पण तुम्हाला ओळखते म्हणून विचारते. तिकडे समुद्रकाठी पुंतारेनासला तुम्ही उकाड्याने हैराण असाल, इथे आम्ही तीन आठवडे स्वेटरात आहोत. पाऊस थांबत नाही, गाईंचे खूर भिजून मऊ झाले आहेत, आणि ज्वालामुखीचा डोंगर मात्र सध्या गप्प आहे. (तो गप्प असला की सगळे जास्त घाबरतात. मला बरं वाटतं. माझ्या ओळखीत गप्प बसणारे तसे कमीच.) चीज चांगलं उतरतंय. सहा घरांचं चीज मंगळवारी आणि शुक्रवारी मीच खाली तुरियाल्बाच्या बाजारात नेते, हे तुम्हाला माहीत आहेच, कारण ते ज्या गाडीतून जातं ती तुम्ही दिलेली आहे.

तर त्या गाडीतलं तेल मी बदललं आहे. ताईने तुम्हाला हे आधीच सांगितलं असणार, आणि मी सांगितलं असतं त्यापेक्षा जरा चटपटीत करून सांगितलं असणार. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

माझा नवरा, बेलिसारियो, गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा लोक भेटायला आले, कॉफी प्यायले, देवाच्या इच्छेबद्दल बोलले आणि गेले. तुम्ही आलात ते चाळिसाव्या दिवशी, स्वतःची निळी गाडी घेऊन, आणि परत जाताना बसने गेलात. त्याआधी चार दिवस फुटबॉलच्या मैदानावर मला गाडी शिकवलीत. चोपन्न वर्षांच्या बाईला. गावातली निम्मी माणसं कुंपणाला टेकून बघत होती आणि तुम्ही खिडकीतून सांगत होता, ‘‘क्लच म्हणजे गाईचं आचळ समज. ओरबाडायचं नाही.’’ मला तेवढं एकच वाक्य कळलं आणि तेवढ्यावर गाडी चालली. निघताना तुम्ही डिकीत पिवळा डबा ठेवलात आणि बजावलंत की गाडी थोडं तेल पिते, पिऊ दे, पण घालायचं ते हेच, बोटींच्या डिझेल इंजिनाचं, जाड. जाड तेल म्हणजे म्हाताऱ्या इंजिनाला घोंगडी. तुम्ही चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं सांभाळलीत. मी कोण विचारणारी? मी तसलेच डबे आणून इंजिनाला घोंगडी पांघरवत राहिले.

पहिल्या वर्षी महिन्याला एक लिटर लागायचं. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांना. यंदा इस्टरनंतर आठवड्याला. मागून निळा धूर येऊ लागला. शेजारची फ्लोरीबेत मला बघून वाळत घातलेले कपडे आत न्यायची, तेही हसत हसत, म्हणजे मला वाईट वाटू नये आणि चादरीही काळ्या होऊ नयेत. बाजारातल्या एका गिऱ्हाइकाने चिजाचा तुकडा तोंडात टाकून विचारलं, ‘‘बाई, हे धुरी दिलेलं आहे का?’’ मी हो म्हटलं. (दाजी, मी खोटं बोलले. पुढच्या मंगळवारी त्याने परत तेच मागितलं, ही त्याची शिक्षा की माझी, अजून ठरलेलं नाही.) जूनमध्ये तर कळसच झाला. डोंगरावर नजर ठेवायला आपल्या गावची एक समिती आहे, वायरलेस घेऊन बसलेले चार म्हातारे. त्यांच्यातल्या एकाने कळवलं की दक्षिणेच्या उतारावर निळसर धूर दिसतोय आणि तो हळूहळू खाली सरकतोय. शाळा लवकर सोडण्याची तयारी झाली. धूर चर्चपाशी थांबला, त्यातून मी उतरले आणि मला कळेना की सगळे माझ्याकडे का बघतायत.

तरीही मी तेल बदललं नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. बदललं ते वर्षाच्या सरकारी तपासणीत गाडी नापास झाली तेव्हा.

तपासणीवाला मुलगा सज्जन होता. त्याने मागच्या नळीत धूर मोजायची काठी खुपसली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा खुपसली आणि म्हणाला, ‘‘मावशी, तुमचा कन्व्हर्टर मेलाय.’’ मला अशी काही वस्तू माझ्याकडे होती हेच माहीत नव्हतं. त्याने मला वाकायला लावून गाडीच्या पोटाखालचा एक डबा दाखवला. इंजिनाचा धूर त्या डब्यातून जातो, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिथे विषारी वायूंचं साध्या हवेत रूपांतर होतं, तेव्हा कुठे तो बाहेर पडतो. तीन वर्षं माझ्या खुर्चीखाली कुणीतरी इतकं काम करत होतं आणि मी त्याला कधी नावानेही ओळखलं नाही. फेरतपासणीला एक महिना. पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि गाडी नाही तर सहा घरांचं चीज पुन्हा दुधाच्या टँकरवाल्याच्या मर्जीवर. तो कसा तोलतो, हे बेलिसारियोने तुम्हाला सांगितलं होतं.

मी आब्दियास मेकॅनिककडे गेले. त्याने डबा काढून उजेडात धरला. जाळीवर राखेसारखा पांढुरका थर चढला होता. तो म्हणाला, ‘‘एदेल्मिरा, सोपं आहे. आतली जाळी फोडून टाकतो आणि रिकामा डबा परत जोडतो. इंजिन मोकळा श्वास घेईल. तपासणीच्या दिवशी माझ्याकडचा चांगला कन्व्हर्टर लावू, संध्याकाळी काढून घेऊ. सगळे हेच करतात.’’ मी विचार करून सांगते म्हटलं. खरं सांगते दाजी, विचार करायला गेले तेव्हा मनाने हो म्हटलेलंच होतं.

घरी येऊन गोठ्यात बसले. डोंगर राख ओकायचा तो काळ आठवला. सकाळी गवतावर राख, गाईंच्या पापण्यांवर राख, चीज गाळायच्या फडक्यात राख. बेलिसारियो हातात फडकं घेऊन एकेका गाईचं तोंड पुसायचा. आम्ही तक्रार कुणाकडे करणार? डोंगराला कुणी तपासणीला नेत नाही. मला नेतात, कारण माझ्या मागून काय बाहेर पडावं हे थोडंफार माझ्या हातात आहे. माझ्यामागे फ्लोरीबेतच्या चादरी आहेत आणि शाळेच्या वळणावर उभी राहणारी पोरं आहेत. मी आब्दियासला नाही सांगितलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तुला महागातला उपाय हवा.’’ मी एक कालवड विकली आणि नवा कन्व्हर्टर मागवला.

पण नवा डबा लावून त्याला परत तेच पाजायचं का, हा प्रश्न राहिलाच. म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. तिथे काउंटरवर येसेनिया असते, दोन वर्षं रसायनशास्त्र शिकली आणि मग आईच्या आजारपणात सोडलं. मी पिवळा डबा तिच्यापुढे ठेवला. तिने मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, ‘‘हे जाळता तुम्ही?’’ मी म्हटलं, मी नाही, गाडी जाळते. मग तिने समजावलं. जे इंजिन तेल जाळत नाही त्यात कुठलंही बरं तेल चालून जातं, पण जे जाळतं त्याचं जळलेलं तेल जातं कुठे? थेट कन्व्हर्टरमध्ये. डिझेलच्या या तेलात झीज थांबवायला फॉस्फरस आणि आणखी काय काय भरपूर असतं. इंजिनाला ते मानवतं, पण जळल्यावर त्याची राख उरते आणि ती जाळीवर बसते.

दाजी, हे मला एका क्षणात समजलं. गाईंनी रानलसूण खाल्ला की दोन दिवस दुधाला वास येतो. आपण दूध कितीही उकळलं तरी दोष दुधाचा नसतो, चाऱ्याचा असतो. जे आत जातं तेच बाहेर येतं. मी येसेनियाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘आमच्या सरांना हे तीन तासांत जमलं नव्हतं.’’ (हे मी लिहायला नको होतं, पण लिहिलं.)

तिने दिलेलं तेल कमी राखेचं आणि कमी फॉस्फरसचं आहे, तापल्यावर लवकर उडून न जाणारं, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच जाड. पण तेलाआधी तिने दुसरीच गोष्ट सांगितली, की इंजिनातली वाफ परत आत ओढणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो तुंबला असेल तर कुठलंही तेल घाला, गाडी पिणारच. आब्दियासने तो काढला. तो इतका तुंबला होता की चांगला व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळतो तसा वाजेना. जाताजाता त्याने तेल अडवणारी वरची सीलंही बदलली. सगळा वेळ पुटपुटत होता, ‘‘इंजिनाला आता बाळंतिणीचा खुराक सुरू झाला.’’

अजूनही गाडी तेल पिते. म्हातारी आहे, एकदम सोडणार नाही. पण आठवड्याला लागायचं ते आता सहा आठवड्यांना लागतं. फेरतपासणीत त्या मुलाने काठी खुपसली, पडद्याकडे बघितलं आणि स्टिकर काढून काचेला लावला. मी गाडी बाहेर आणली, रस्त्याच्या कडेला थांबवली आणि जरा रडले. बेलिसारियो गेल्यावर जी गोष्ट मी कुणालाही न विचारता ठरवली आणि बरोबर निघाली, अशी ही पहिली.

आणि एक सांगायचं राहिलं. आब्दियासने वरचं झाकण काढलं तेव्हा आत डोकावून म्हणाला की या वयाच्या इंजिनाच्या मानाने झीज काहीच नाही, कुणी सांभाळलंय हे? मी तुमचं नाव सांगितलं. तेव्हा घोंगडीने इंजिन राखलं, कन्व्हर्टर तेवढा गेला. समुद्रावर कन्व्हर्टर नसतो, तो तुम्हाला कसा माहीत असणार?

ताईला माझा नमस्कार, कोंबड्यांची चौकशी.

तुमची,
एदेल्मिरा

ता. क. गाडीत तेल बदलल्याचं कळल्यापासून तुम्ही जेवताना गप्प असता आणि नाताळला वर येणार नाही म्हणता, असं ताई म्हणाली. तिला मी सांगितलं की दाजी तसे नाहीत.

ता. क. दोन. नाताळचे मक्याचे तमाल गुंडाळायला केळीची पानं कापून ठेवते आहे. चौघांच्या हिशेबाने नाही, तुम्ही खाता त्या हिशेबाने.

ता. क. तीन. खरं कारण लिहायचंच राहिलं. गोठ्याचा जुना डिझेल पंप आठवड्यापासून चालू होत नाही. त्याला कन्व्हर्टर नाही, कसली तपासणी नाही, आणि तो जाड तेलाशिवाय दुसरं काही मानत नाही. पिवळ्या डब्यांतले दोन अजून शिल्लक आहेत, ते त्याच्यासाठीच राखून ठेवलेत. आब्दियासला त्यातलं कळत नाही. गाई पाण्यासाठी ताटकळतात. तेवढं बघून जाल का?

ता. क. चार. ताई, दाजींना चष्मा सापडत नसणार आणि हे पत्र तूच मोठ्याने वाचून दाखवत असशील. इथून पुढचं मनात वाच. पंपाला काही झालेलं नाही. मी फक्त डिझेलचा कॉक बंद केला आहे आणि गाईंसाठी ओढ्यावरून पाणी आणते आहे. दाजींना तो दोन मिनिटांत सापडेल, पण तू त्यांना अर्धा तास तरी शोधू दे.