उरलेल्या टायपिंगची वाटणी

मी, एका मोठ्या कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यातला निवृत्त टंकलेखक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र राहत्या घरी माझ्याच उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचेही नाही. दडपण आणण्याइतका वेळ माझ्यासाठी कोणाकडे नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर दुसरे करण्याइतकी बोटे उरलेली नाहीत.

बोटांच्या नसा निकामी होत चालल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "काका, बोटं अजून किती साथ देतील सांगता येत नाही. टायपिंग जपून वापरा. महत्त्वाचं असेल तेवढंच." तेव्हापासून माणसाच्या वाट्याला टायपिंगही मोजकेच येते हे मला कळले, आणि माझे कोणी कोणी खाल्ले तेही आठवू लागले. वाटणी त्यांच्यापासूनच सुरू करतो.

१. आमचे साहेब. हे "विनंती" खोडून "नम्र विनंती" करीत आणि अख्खे पान कार्बनच्या प्रतींसह पुन्हा टाइप करायला लावीत. दुसऱ्या दिवशी "नम्र" काढीत. आजही ठणठणीत आहेत. स्वतःची बोटे कधी वापरलीच नाहीत, झिजतील कशी? त्यांना मी एक स्वल्पविराम ठेवीत आहे. तो कुठे लावावा या विचारात त्यांची उरलेली वर्षे सुखात जातील.

२. मेहुणे कविता करतात. सगळ्या मी टाइप केल्या. "भावोजी, तुमच्या हाताला काय, सवयच आहे!" असे म्हणून दर आठवड्याला नवे बाड आणून टाकीत. माझी करंगळी त्यांच्या कवितांत कामी आली. घरातले उरलेले कोरे कागद यांच्या हाती लागू नयेत, याची दक्षता या मृत्युपत्राचे व्यवस्थापक, म्हणजे आमच्या शेजारचे वकील, यांनी घ्यावी.

३. इमारतीतले रहिवासी. यांच्यासाठी मी वर्षानुवर्षे फुकट सूचना टाइप केल्या. फलकासमोर उभे राहून, सूचना नाकापुढे असताना, मलाच विचारीत, "काका, पाणी कधी येणार?" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय! त्यांना शेवटची सूचना ठेवीत आहे: "सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की". पुढचे टाइप केलेले नाही. कोणाच्या लक्षात येणार नाही.

४. माझे जुने टंकयंत्र आणि बँकेतली सर्व ठेव घरकामाच्या बाईंना द्यावी. बाईंना टाइप करता येत नाही आणि शिकायचीही इच्छा नाही, यावरूनच त्यांची अक्कल दिसते. यंत्र त्यांनी खुशाल भंगारात घालावे.

५. राहते घर चिरंजीवांना. हौसेने नव्हे, त्यांच्या आईची तशी इच्छा होती म्हणून. चिरंजीव दूरच्या थंड शहरात मोठ्या हुद्द्यावर आहेत. डॉक्टरांनी सांगितल्यावर महत्त्वाचे म्हणून मी पहिले टायपिंग त्यांच्यावर खर्च केले. एका बोटाने मोबाइलवर पानभर मजकूर, अख्खी सकाळ गेली. शेवटी विचारले होते, "मी तुझ्याकडे राहायला येऊ का?"

उत्तर आले. एक उभा अंगठा.

माझे आजोबा सहीच्या जागी अंगठा उठवीत. त्याची लाज वाटून त्यांनी वडिलांना शाळेत घातले, वडिलांनी मला टायपिंग शिकवले, मी पोटाला चिमटा काढून चिरंजीवांना पदव्या मिळवून दिल्या. घराणे पुन्हा मूळपदावर आले.

बाई म्हणाल्या, "अंगठा म्हणजे हो, आजोबा! भरा बॅग." मी भरली. तिकडे थंडी असते म्हणून दोन स्वेटर टाकले. वकील म्हणाले, "काका, हल्ली अंगठा म्हणजे नुसतं 'पाहिलं' असंही असतं हो." तेव्हापासून बॅग दाराशी उभी आहे. बाई रोज तिच्यावरची धूळ पुसतात आणि रोज म्हणतात, "अहो, फोन लावून विचारा की एकदा!"

मी विचारणार नाही. नोकरीभर स्मरणपत्रे टाइप केली आहेत, पहिले, दुसरे, तिसरे. ज्याला पहिले पत्र पुरत नाही त्याला तिसरेही पुरत नाही. पण एक गोष्ट स्वच्छ टाइप करून ठेवतो: मला जायचे होते. फार जायचे होते.

६. सदर बॅग न उघडता चिरंजीवांच्या हवाली करावी. स्वेटर त्यांना होतील. खांदे माझ्यासारखेच आहेत.

७. काल वकिलांसमोर सही करून पाहिली. पेन सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले. वकील म्हणाले, "राहू द्या काका, अंगठा चालतो. कायद्याला मान्य आहे." तेव्हा सहीच्या जागी मी डाव्या हाताचा अंगठा उठवीत आहे. चिरंजीवांना मला जे काही विचारायचे राहून गेले असेल, त्या सगळ्याचे हे उत्तर समजावे. त्याचा अर्थ "हो" की नुसते "पाहिले", हे त्यांनी ठरवावे. स्मरणपत्र पाठवले जाणार नाही.

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली, बॅगेशेजारी
दिनांक: चार मार्च, मंगळवार

मृत्युपत्र करणार: (डाव्या हाताचा अंगठा)

वरील अंगठा आमच्या देखत उठवला:
१. डॉक्टर (सही)
२. शेजारचे वकील (सही)