मागूर-नराचे अकाली बलिदान

आषाढ, मंगळवार. रत्नागिरी.

मत्स्यविवाहधुरंधर, परसातील तीन टाक्यांचे सार्वभौम अधिपती अस्मादिक आज किंचित खिन्न आहेत. मागूर या मिशाळ माशाचा नर जिवंतपणी वीर्य देत नाही. म्हणून इंजेक्शन दिलेल्या मादीची अंडी सुटू लागल्यावरच नर कापावा, हा शास्त्रक्रम. अस्मादिकांनी तो आधीच कापला. शेवटचा नर! मिशा अखेरपर्यंत हलत होत्या. मादी मात्र निर्विकार.

"अहो, नवरी बोहल्यावर यायच्या आधीच नवरदेव कापलात?" इति सौभाग्यवती.

वृषण सलाइनमध्ये घालून वाटी फ्रीजमध्ये ठेवली. टिकतील? त्या मिशा डोळ्यांसमोरून जाईनात. अखेर दिवेलागणीला मादीने अंडी दिली आणि वाटी कामास आली. वंश बहुधा तरला. परंतु फ्रीजमधले दही आता घरात कोणीही खाईना. पातेलेभर दह्याचे करायचे काय?